पेशींचा ब्रेक : स्पर्श, वाढ आणि खर्रा

वर्कशॉपमध्ये फाइल मारताना बोट कापलं तर आपण काय करतो? नळाखाली धरतो, पट्टी लावतो आणि विसरून जातो. आठ-दहा दिवसांत जखम भरून येते. जखम भरते याचं आपल्याला नवल वाटत नाही, पण खरं नवल पुढेच आहे. जखम भरली की कातडीची वाढ थांबते. कडेच्या पेशी विभागत विभागत मधल्या मोकळ्या जागेत येतात, दोन्ही बाजूंच्या पेशी एकमेकींना भेटतात आणि काम बंद. तिथे बोटाएवढा डोंगर उभा राहत नाही. त्या पेशींना ना डोळे, ना डोकं. मग जागा भरली हे त्यांना कळतं कसं? आणि कळल्यावर त्यांना थांबवतं कोण?

या प्रश्नाचं उत्तर गेल्या सत्तर वर्षांत तुकड्यातुकड्याने सापडलं. ते समजून घेतलं की कॅन्सर म्हणजे नेमकं काय बिघडतं हे कळतं, आणि आपल्या विदर्भातल्या पानठेल्यावर मिळणारी खर्‍याची पुडी शरीरात काय करते हेही कळतं. विषय जीवशास्त्राचा आहे, पण घाबरू नका. आपल्याला सर्किट, रिले, फीडबॅक हे शब्द माहीत आहेत. तेवढ्यावर भागतं.

काचेच्या थाळीतला प्रयोग

सुरुवात १९५३ साली लंडनला झाली. मायकेल अ‍ॅबरक्रॉम्बी आणि जोन हेसमन हे दोघे कोंबडीच्या पिल्लाच्या हृदयातल्या पेशी काचेवर वाढवून सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. त्यांना दिसलं की सरकत जाणारी पेशी दुसरीला भिडली की त्या दिशेचं तिचं सरकणं थांबतं. ती दुसरीच्या अंगावर चढत नाही, दिशा बदलते. याला त्यांनी 'स्पर्शाने होणारा अटकाव' असं नाव दिलं.

पुढे न्यूयॉर्कमध्ये टोडारो आणि ग्रीन यांनी १९६३ साली उंदराच्या पेशींचा एक वाण तयार केला. दर ३ दिवसांनी ३ लाख पेशी नव्या थाळीत टाकायच्या, असं त्यांचं वेळापत्रक होतं, म्हणून त्या वाणाचं नावच '३टी३' पडलं. या पेशी थाळीच्या तळावर पसरतात, विभागतात आणि सगळा तळ झाकून एकच थर झाला की विभागणं थांबवतात. अन्न शिल्लक असलं तरी थांबतात. त्या थरावर रेघ ओढून थोड्या पेशी खरवडून काढल्या, तर फक्त रेघेच्या कडेच्या पेशी पुन्हा कामाला लागतात. रेघ भरली की परत शांत.

कॅन्सरच्या पेशी त्याच थाळीत ठेवल्या तर? त्या थांबत नाहीत. एकीवर एक चढतात आणि ढीग करतात. म्हणजे वाढायची ताकद सगळ्यांकडेच असते, थांबायची शिस्त मात्र काहींची हरवलेली असते. आजचा आपला धडा या शिस्तीचा आहे.

शेजारणीचा हात धरणारं प्रथिन

दोन पेशी शेजारी आल्या की त्यांना एकमेकींची जाणीव होते ती पेशीपटलातून बाहेर आलेल्या प्रथिनांमुळे. यातलं सगळ्यात महत्त्वाचं कुटुंब म्हणजे कॅडहेरिन. जपानच्या क्योटो विद्यापीठातले मासातोशी ताकेइची यांनी ते शोधलं. त्यांच्या लक्षात आलं की द्रावणातलं कॅल्शियम काढून घेतलं की चिकटलेल्या पेशी सुट्या होतात आणि कॅल्शियम परत दिलं की जुळतात. म्हणजे हा हुक कॅल्शियम असेल तरच ताठ राहतो.

कॅडहेरिनचं एक टोक शेजारच्या पेशीच्या कॅडहेरिनमध्ये अडकतं आणि दुसरं टोक पेशीच्या आत असतं. आतल्या टोकाला कॅटेनिन नावाची प्रथिनं जोडलेली असतात आणि त्यांच्यामार्फत ते पेशीच्या आतल्या दोरखंडांच्या सांगाड्याला बांधलेलं असतं. सिव्हिलवाल्यांनी डोळ्यांसमोर तुळई आणि खांबाचा सांधा आणावा. पण हा सांधा नुसता भार घेत नाही. शेजारी कुणी आहे ही बातमीही तो आत पोचवतो.

ही बातमी किती मोलाची आहे याचं एक उदाहरण बघा. न्यूझीलंडमधल्या एका मोठ्या माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण वयात जठराचा कॅन्सर होत होता. १९९८ साली कारण सापडलं. त्या कुटुंबात ई-कॅडहेरिनचं जनुक बिघडलेलं होतं. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं हे प्रथिन कमी पडलं, आणि परिणाम कॅन्सरमध्ये झाला.

मर्लिन

आता बातमी पटलावरून आत कशी जाते ते पाहू. १९९३ साली दोन वेगवेगळ्या गटांनी २२ क्रमांकाच्या गुणसूत्रावर एक जनुक शोधलं. त्याला एनएफ-२ म्हणतात. ते जनुक बिघडलेली माणसं साधारण २५ ते ३० हजारांत एक असतात. त्यांच्या दोन्ही कानांच्या नसांवर गाठी येतात आणि हळूहळू ऐकू येणं कमी होतं. या जनुकापासून ५९५ अमिनो आम्लांचं एक प्रथिन बनतं. मोएसिन, एझ्रिन आणि रॅडिक्सिन या तीन प्रथिनांशी त्याचं साम्य आहे. त्यांची आद्याक्षरं जुळवून शोधणार्‍यांनी नाव ठेवलं 'मर्लिन', जुन्या इंग्लिश कथांतल्या जादूगाराचं.

मर्लिन पेशीपटलाच्या आतल्या बाजूला, सांध्याजवळ बसतं. त्याचं काम एका स्विचसारखं आहे. साखळीतल्या ५१८ व्या जागेवर सिरीन नावाचं अमिनो आम्ल आहे. तिथे फॉस्फेटचा गट चिकटला की मर्लिन निकामी होतं. फॉस्फेट निघाला की कामावर हजर. पेशी विरळ असतात, वाढीचे संदेश जोरात येत असतात, तेव्हा फॉस्फेट चिकटलेला असतो. पेशी दाट झाल्या, एकमेकींना भिडल्या, की तो उतरतो आणि मर्लिन ब्रेक दाबतं.

अशा प्रथिनांना ट्यूमर सप्रेसर म्हणतात, म्हणजे गाठ रोखणारी प्रथिनं. ती असतात तेव्हा काहीच घडत नाही, म्हणून ती दिसत नाहीत. नसली की कळतं.

इंजिनिअर म्हणून आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीमुळे फुप्फुसाच्या आवरणाचा जो कॅन्सर होतो, त्यातल्या बर्‍याच रुग्णांच्या गाठीत हेच मर्लिनचं जनुक निकामी झालेलं आढळतं. जुन्या शेडचे पत्रे किंवा जुनी ब्रेक-लायनिंग कापताना तोंडावर मास्क का हवा, याचं उत्तर यात आहे.

माशीच्या डोक्यातून निघालेली साखळी

मर्लिन ब्रेक दाबतं म्हणजे कुठली तार ओढतं? हे कळलं ते केळ्यावर घोंघावणार्‍या छोट्या फळमाशीकडून. माशीतलं एखादं जनुक मोडायचं आणि काय होतं ते पाहायचं, अशी ही पद्धत. १९९५ साली 'वॉर्ट्स' नावाचं जनुक सापडलं. ते मोडलं की माशीच्या अंगावर चामखिळीसारख्या गाठी येतात. २००३ साली आणखी एक सापडलं. ते मोडलेल्या माशीचं डोकं वाढून सुरकुतलेलं, पाणघोड्यासारखं दिसायचं, म्हणून नाव 'हिप्पो'. २००५ साली साखळीचं शेवटचं टोक हाती आलं, 'यॉर्की'. हे प्रथिन नसलं की अवयव छोटा राहतो, म्हणून त्याला यॉर्कशायर टेरिअर या छोट्या जातीच्या कुत्र्याचं नाव. शास्त्रज्ञही हॉस्टेलच्या पोरांसारखेच नावं ठेवतात, बरं का!

माणसात हीच साखळी थोड्या वेगळ्या नावांनी आहे. माशीचा हिप्पो म्हणजे आपला 'एमएसटी', वॉर्ट्स म्हणजे 'लॅट्स' आणि यॉर्की म्हणजे 'यॅप'. टप्पे असे :

१. शेजारणीचा स्पर्श झाला. कॅडहेरिनचे हुक अडकले.
२. मर्लिन जागं झालं. त्याने लॅट्सला पेशीपटलाजवळ ओढून आणलं.
३. तिथे एमएसटीने लॅट्सला फॉस्फेट लावून चालू केलं.
४. लॅट्सने यॅपच्या १२७ व्या जागेवरच्या सिरीनला फॉस्फेट लावलं.
५. फॉस्फेट लागलेला यॅप केंद्रकाच्या बाहेरच अडकून पडला.
६. यॅप आत गेला नाही, म्हणून वाढीची जनुकं चालू झाली नाहीत. विभाजन थांबलं.

यॅप स्वतः डीएनएला धरू शकत नाही. केंद्रकात जाऊन 'टीड' नावाच्या प्रथिनाच्या जोडीने तो वाढीची जनुकं चालू करतो. म्हणून त्याला दाराबाहेर ठेवलं की पुरतं. २००७ साली संशोधकांनी थाळीतल्या पेशींत हे दाखवून दिलं. विरळ पेशींत यॅप केंद्रकात असतो, दाट पेशींत बाहेर. ३टी३ च्या पेशी एका थरावर का थांबतात, याचं उत्तर मिळायला अशी चव्वेचाळीस वर्षं लागली.

मेकॅनिकलवाल्यांसाठी एक जोड. २०११ साली इटलीतल्या पादुआच्या गटाने दाखवलं की यॅपला स्पर्शाबरोबर जमिनीचा कडकपणाही कळतो. पेशी मऊ पायावर वाढवली तर यॅप बाहेर राहतो, कडक पायावर वाढवली तर आत जातो. ही गोष्ट डोक्यात ठेवा, खर्‍याशी आल्यावर तिची गरज पडेल.

रेल्वेचा सिग्नल आणि पेशीचा सिग्नल

आता या सगळ्याचा मुद्दा. आपल्यातले कितीतरी जण सिंदी (रेल्वे) स्टेशनावरून नागपूर किंवा वर्ध्याकडे ये-जा करतात. गाडी सिग्नलला थांबली की आपण वैतागतो. पण तो लाल दिवा कसा लागतो ते पाहण्यासारखं आहे. ट्रॅक सर्किटच्या पद्धतीत रुळांमधून अगदी थोड्या व्होल्टचा करंट सोडलेला असतो. रूळ रिकामा असला की करंट पलीकडच्या रिलेपर्यंत पोचतो, रिले ओढलेला राहतो, आणि तेव्हाच हिरवा देता येतो. गाडी आली की चाकं आणि आस दोन रुळांना जोडतात, शॉर्ट होतो, रिले पडतो, सिग्नल लाल. आता समजा गाडी नाही, पण रूळच तडकला किंवा वायर तुटली. तरीही रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. बिघाड झाला तर गाडी थांबणार, धावणार नाही. याला आपण फेल-सेफ म्हणतो. गाडीचा एअर ब्रेकही तसाच. पाइप सुटला की ब्रेक लागतो.

पेशीचा सिग्नल याच्या बरोबर उलटा बांधलेला आहे. रेल्वेत करंटचा अर्थ 'जागा मोकळी आहे' असा असतो. पेशीत स्पर्शाच्या संदेशाचा अर्थ 'जागा भरली आहे' असा असतो. स्पर्श, मर्लिन, एमएसटी, लॅट्स ही साखळी सतत चालू राहिली तरच लाल दिवा टिकतो. यातली एक कडी तुटली की पेशी काय समजते? शेजारी कुणी नाही, जागा मोकळी आहे, वाढा. वायर तुटली की हिरवा!

परीक्षेत अशी डिझाइन काढली तर सर शून्य मार्क देतील. मग निसर्गाने अशी का काढली? कारण जखम. शेजारीण गेली हीच तर वाढ सुरू करायची खूण आहे. पोळ्याला तोरण तुटलं की बैल सुटतात, तसं स्पर्श तुटला की पेशी सुटतात. बिघाड झाल्यावर लालच राहायचं असं ठरलं असतं, तर कापलेलं बोट कधीच भरलं नसतं. जखम भरता यावी म्हणून शरीराने ही जोखीम पत्करली आहे.

ही जोखीम सावरायला त्याने दोन सोयी केल्या आहेत. पहिली सोय म्हणजे प्रत्येक ब्रेकच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडलांकडून. एक बिघडली तरी दुसरी काम करते. १९७१ साली आल्फ्रेड नडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यातल्या गाठींच्या ४८ रुग्णांचा हिशेब मांडून दाखवलं की गाठ व्हायला दोन घाव लागतात. काही मुलं एक घाव घेऊनच जन्मतात, म्हणून त्यांना लवकर होते. दुसरी सोय म्हणजे एकाऐवजी अनेक ब्रेक. स्पर्शाचा ब्रेक वेगळा, आरबीचा वेगळा, आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणारं पी-५३ वेगळं. डीएनए फाटलेलं दिसलं की पी-५३ पेशीला थांबवतं, आणि दुरुस्ती होत नसेल तर तिला मरायला लावतं.

यातून एक गोष्ट निघते आणि ती आपल्या वयाच्या मुलांसाठी फार महत्त्वाची आहे. पहिला ब्रेक गेला, दुसरा गेला, तरी बाहेरून काहीच दिसत नाही. दुखत नाही, सुजत नाही. 'मी तीन वर्षांपासून खातो, मला काय झालं?' हे वाक्य आपण हॉस्टेलमध्ये ऐकलं आहे. बोलणारा खोटं बोलत नाही. त्याच्या गालातले किती ब्रेक शिल्लक आहेत, एवढंच त्याला माहीत नाही.

खर्रा आत काय करतो

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेलं मिश्रण. वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा. गुटख्यावर २०१२ साली राज्यात बंदी आली. पण पानठेल्यावर खर्रा घोटला जातोच. सबमिशनच्या रात्री जागायला, मेसचं जेवण पचवायला, मित्राला नाही म्हणता येत नाही म्हणून, अशी तो खाण्याची कारणं असतात. पुडी फुटली की चिमूट जाते कुठे? गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत. तिथे ती बराच वेळ दाबून ठेवतात.

गालाच्या आतलं अस्तर म्हणजे थरावर थर असलेल्या पेशी. ते तसंही झिजतं आणि साधारण दोन आठवड्यांत नवं होतं. आता त्यावर रोज काय येतं ते पहा.

चुना अल्कधर्मी आहे, तो अस्तर भाजतो. सुपारीचे कडक तुकडे ते खरवडतात. म्हणजे रोज छोट्या छोट्या जखमा. प्रत्येक जखमेला पेशी नियमाप्रमाणेच वागतात, स्पर्श तुटला, यॅप आत, विभाजन सुरू. यात चूक काहीच नाही. पण प्रत्येक विभाजनात पेशीला सुमारे ६०० कोटी अक्षरांचं डीएनए पुन्हा लिहावं लागतं. तपासून, दुरुस्त करूनही एखादी-दुसरी चूक राहते. जितकी जास्त विभाजनं, तितक्या जास्त चुका.

त्यात तंबाखूतली नायट्रोसामाइन नावाची रसायनं त्याच जागी डीएनएला चिकटून चुका वाढवतात. सुपारी निर्दोष आहे असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर करणारी म्हणून पहिल्या गटात घातली आहे.

तिसरी गोष्ट सुपारीतल्या अ‍ॅरेकोलिनची. त्यामुळे अस्तराखाली तंतू साचत जातात, गाल चामड्यासारखा कडक होतो आणि तोंड उघडेनासं होतं. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली भारतातल्या अशा रुग्णांचं वर्णन केलं होतं. लंडनला पेशींचा स्पर्श पाहिला जात होता तेच साल. आता पादुआचा प्रयोग आठवा. कडक पायावर यॅप आत जातो. म्हणजे जखम एकीकडून, कडकपणा दुसरीकडून, दोन्ही पेशीला हिरव्या दिव्याकडेच ढकलतात. या कडक झालेल्या गालाला डॉक्टर कॅन्सरच्या आधीची अवस्था मानतात ते उगाच नाही.

असं वर्षानुवर्षं चालतं. कोट्यवधी पेशींपैकी एखादीत एक दिवस चूक नेमकी ब्रेकच्याच जनुकात पडते. मग दुसर्‍या प्रतीत. आता त्या पेशीला जखमेची गरज उरत नाही. शेजारणी चारी बाजूंनी भिडलेल्या असल्या तरी तिला जागा मोकळीच वाटते.

परळ ते खारघर

हे सगळं काचेच्या थाळीतलं आणि माशीतलं झालं. आपल्या माणसांच्या तोंडात खरंच असं घडतं का? याचा शोध आपल्याच राज्यात लागला.

मुंबईत परळला १९४१ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४० च्या दशकातच लोकांच्या सवयी आणि कॅन्सरची जागा यांचा संबंध अभ्यासला. तंबाखू जिथे दाबून ठेवतात तिथेच गाठ येते, हे सूत्र त्या काळातलं. पेशीच्या आत काय तुटतं हे पाहायची साधनं मात्र तेव्हा नव्हती.

ती साधनं आल्यावर टाटा मेमोरियल सेंटरची खारघरची संशोधन संस्था अ‍ॅक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जैववैद्यकीय जीनोम संस्था यांनी मिळून गाल-हिरडीच्या कॅन्सरचा अभ्यास केला. आधी ५० रुग्णांच्या गाठींतली प्रथिनं बनवणारी सगळी जनुकं वाचली, मग आणखी ६० रुग्णांत तीच जनुकं तपासली. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वारंवार बिघडलेल्या जनुकांत पी-५३ होतं, हे अपेक्षितच. त्याच यादीत एक नाव होतं 'फॅट-१'.

हे फॅट-१ काय आहे? ते कॅडहेरिनच्याच कुटुंबातलं एक अवाढव्य प्रथिन आहे. मर्लिन ५९५ अमिनो आम्लांचं, तर फॅट-१ जवळजवळ ४,६०० चं. पेशीबाहेर त्याचे कॅडहेरिनसारखे ३४ तुकडे एकापुढे एक लागलेले असतात. २०१८ साली डोकं-मानेच्या कॅन्सरवर काम करणार्‍या दुसर्‍या एका गटाने दाखवलं की पेशीच्या आत फॅट-१ हिप्पो साखळीतल्या प्रथिनांना एकत्र जमवतं आणि एमएसटीला चालू करतं. फॅट-१ गेलं की साखळी विस्कटते आणि यॅप मोकाट सुटतो.

म्हणजे तंबाखू चघळणार्‍या आपल्या लोकांच्या गालात जी वायर पुन्हा पुन्हा तुटलेली सापडली, तिच्यातली एक नेमकी हीच, शेजारणीच्या स्पर्शापासून वाढीच्या ब्रेकपर्यंत जाणारी. अ‍ॅबरक्रॉम्बीची काच आणि आपला पानठेला इथे येऊन जुळतात.

या ज्ञानाचा उपयोग उपचारातही सुरू झाला आहे. यॅप आणि टीड यांची जोडी जमू न देणारी औषधं माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत आली आहेत. पण मोडलेला ब्रेक परत बसवणं फार अवघड आहे. वाढवणारं प्रथिन अति झालं तर औषधाने त्याला अडवता येतं, पण जे प्रथिन पेशीत उरलंच नाही त्याला औषध काय करणार? म्हणून ब्रेक शिल्लक असतानाच सावध व्हायचं.

मग आपण काय करायचं?

उपदेशाचा कंटाळा येतो हे मान्य. म्हणून फक्त चार कामाच्या गोष्टी.

आरशासमोर उभं राहून तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांच्या मधे घालून पहा. जात नसतील, किंवा पूर्वी जात होती आणि आता अडतात, तर तो कडकपणा सुरू झाला असू शकतो. तिखट खाताना आग होणं ही त्याच्या आधीची खूण.

गालाच्या आत, हिरडीजवळ, जिभेखाली पुसलं न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा आहे का ते उजेडात पहा. दोन आठवड्यांत न भरणारा फोड असेल तर तिसर्‍या आठवड्याची वाट पाहू नका. अस्तर दोन आठवड्यांत नवं होतं हे वर पाहिलंच. त्याहून जास्त टिकलेला फोड वेगळा असतो.

तपासणीला लांब जावं लागत नाही. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगी (मेघे) चं दंत महाविद्यालय आहे, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांची नोंद ठेवणारं केंद्रही सेवाग्रामच्याच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत आहे. त्या नोंदवहीत आपलं नाव जाऊ नये, एवढं आपल्या हातात थोडंफार आहे.

सोडायचं असेल आणि जमत नसेल तर त्यात लाज नाही, निकोटिनची सवय तशीच असते. सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. रूम पार्टनर सोडत असेल तर त्याला चिडवू नका, आणि त्याच्यासमोर पुडी फोडू नका. वॉर्डन सरांना आणि शिक्षकांना एक विनंती. पुडी सापडली की दंड जरूर करा, पण सोबत त्या मुलाचं तोंड एकदा तपासायला पाठवा. दंड भरून तो पुन्हा ठेल्यावर जाईल. कडक झालेला गाल स्वतः पाहिला तर कदाचित थांबेल.

खाणं थांबवल्याने काय मिळतं? तुटलेली जनुकं जुळत नाहीत आणि साचलेले तंतू पूर्णपणे विरघळत नाहीत. पण रोजची जखम थांबते, रोजचं जादा विभाजन थांबतं, नव्या चुका पडायचा वेग कमी होतो. सुरुवातीचे पांढरे चट्टे काही जणांत मागेही हटतात. एका प्रतीवर चाललेला ब्रेकसुद्धा जन्मभर पुरू शकतो, त्याच्यावर रोज घाव घातला नाही तर.

रेल्वेने सिग्नल असा बांधला की माणसाची चूक झाली तरी गाडी थांबावी. शरीराने सिग्नल वेगळा बांधला, कारण त्याला जखमा भरायच्या होत्या. त्या सिग्नलची वायर आपल्या गालातून जाते. ती रोज घासायची की नाही, हे पुढच्या वेळी पानठेल्यासमोर उभं राहाल तेव्हा ठरवा.